न केलेल्याचा जाब

(वसई येथे नोव्हेंबरमध्ये झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नोव्हेंबर हा आम्हा ख्रिस्ती लोकांत मेलेल्यांचा महिना. २ तारखेला सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. त्याआधी आठवडाभर आपल्या या पट्ट्यातल्या दफनभूम्यांत लगबग असते. गवत काढलं जातं, कबरींना चुना लागतो, क्रूसावरची पुसट झालेली नावं काळ्या रंगानं पुन्हा गिरवली जातात. संध्याकाळची मिस्सा तिथंच, मोकळ्या जागेत टेबल मांडून. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर. आणि अमक्याच्या कबरीवर पोरं आली का, तमक्याची सून दिसली का, याची दबक्या आवाजातली चौकशी. फादर पुढं मृतांसाठी प्रार्थना करत असतात आणि मागच्या रांगेत जिवंतांचा न्यायनिवाडा चालू असतो.

विषय निवडायची मोकळीक आयोजकांनी दिली, म्हणून मृत्यू आणि अंतिम न्याय हाच विषय घेतला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या गावाला गणित शिकवलं. हिशोबाच्या गोष्टीचं त्यांना वावडं वाटलं नसतं. समोर बसलेल्यांत निम्मी मंडळी ख्रिस्ती नाहीत, हेही बरं आहे. आपल्याच माणसांत बोलताना फार गोष्टी गृहीत धरल्या जातात.

तेव्हा आधी श्रद्धा काय आहे ते थोडक्यात सांगतो. माणूस एकदा जन्मतो, एकदा मरतो. चौऱ्याऐंशीचा फेरा नाही, पुढच्या जन्मी फेडू अशी सवलत नाही. दर रविवारी आम्ही जो श्रद्धाघोष म्हणतो, त्याचा पाया ३२५ साली निकाया इथं भरलेल्या धर्मपरिषदेत घातला गेला. जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला येशू पुन्हा येईल, असं त्यात आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे न्याय दोनदा होतो: एकदा ज्याचा त्याचा, मरणाच्या क्षणी, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांचा मिळून, काळाच्या शेवटी. या दोहोंच्या मधल्या काळावरून चौदाव्या शतकात मोठा गदारोळ झाला. खुद्द पोप बाविसावे योहान यांनी प्रवचनांतून सांगितलं की, पुण्यवान आत्म्यांनाही शेवटच्या दिवसापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसचे धर्मपंडित खवळले. अखेर १३३४ मध्ये मरणशय्येवर पोपनी ते मत मागं घेतलं, आणि दोनच वर्षांत त्यांच्या वारसानं त्याच्या उलट शिकवण अधिकृत करून टाकली. मरणानंतरच्या बाबतीत पोपचाही पाय घसरू शकतो हे ऐकून आमच्यातल्या काही ज्येष्ठांना धक्का बसेल, पण झालं ते असं. न्याय दोनदा कशाला, या प्रश्नाकडं मी नंतर येतो.

या श्रद्धेभोवती भीतीचं मोठं बांधकाम उभं राहिलं. क्रोधाच्या दिवसाचं एक लॅटिन गीत मध्ययुगापासून कॅथलिक अंत्यविधीत गायलं जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलेल्या १९७०च्या मिस्साग्रंथातून ते वगळलं गेलं. मायकेलअँजेलोनं १५३६ ते १५४१ या काळात सिस्टाइन चॅपेलच्या वेदीमागची अख्खी भिंत अंतिम न्यायानं भरून काढली. त्यातल्या उघड्या देहांवर आक्षेप घेणाऱ्या पोपच्या दरबारी अधिकाऱ्याचा चेहरा त्यानं नरकातल्या न्यायाधीशाला चिकटवला. स्वतःचा चेहरा मात्र संत बार्थोलोम्यूच्या हातात लोंबणाऱ्या सोललेल्या कातडीवर काढला, असं अभ्यासक मानतात. त्या भिंतीवरची सगळ्यात प्रामाणिक जागा मला तीच वाटते. भीती आली की मागून बाजार येतो. मेलेल्यांच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं जर्मनीत विकली जाऊ लागली, १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, आणि पुढं चर्च दुभंगलं. तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत.

या सगळ्या धुरात एक गोष्ट झाकली गेली, आणि आज मला तेवढीच सांगायची आहे. अंतिम न्यायाचं जे चित्र येशूनं स्वतः काढलं, त्यात केलेल्या पापांबद्दल एकही प्रश्न नाही. सगळा जाब न केलेल्या गोष्टींचा आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उघडा. राजा सिंहासनावर बसलेला आहे, समोर सगळी राष्ट्रं उभी आहेत. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं निवडून वेगळी करतो तशी राजा माणसं उजवीकडं आणि डावीकडं करतो. आपल्याकडं धनगराच्या कळपातही दोन्ही एकत्रच चरतात, तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढं आणायला पॅलेस्टाइनला जायला नको. उजवीकडच्यांना राजा सांगतो की, आपण भुकेले असताना त्यांनी जेवू घातलं, तहानेले असताना पाणी दिलं, परक्या मुलखात घरात घेतलं, अंगावर वस्त्र नसताना कपडे दिले, आजारपणात समाचार घेतला, तुरुंगात असताना भेटायला आले. डावीकडच्यांना पुन्हा तीच यादी ऐकवली जाते, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी नकार असतो.

आता यादीत काय नाही ते पाहा. खून नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही. उपास मोडला का, देवळात गेलात का, हेही नाही. डावीकडच्या माणसांनी कुणाला लुबाडलं, कुणावर हात टाकला, असा एक शब्द त्या आरोपपत्रात सापडत नाही. आपल्या आजच्या भाषेत ती सभ्य माणसं होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तोच त्यांच्यावरचा आरोप आहे.

हे एकाच ठिकाणी असतं तर योगायोग म्हटला असता. पण त्याच अध्यायात याआधी दोन दाखले आहेत. लग्नाच्या वरातीची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींपैकी पाच जणी बाहेर राहतात, कारण त्यांनी जास्तीचं तेल बरोबर घेतलं नव्हतं. तीन चाकरांपैकी शिक्षा होते ती अशा एकाला, ज्यानं मालकाची रक्कम उधळली नाही, खाल्ली नाही, जमिनीत पुरून जशीच्या तशी परत आणून दिली. आपल्याकडं अशा माणसाला प्रामाणिक म्हणून सत्कारासाठी बोलावतात. लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत आणि लाजर यांची गोष्ट आहे. श्रीमंतानं लाजराला हाकललेलं नाही, शिवी दिलेली नाही. लाजर दाराशी पडून होता, कुत्री त्याचे फोड चाटत होती, आणि हा आत रोज मेजवानी झोडत होता, एवढंच. त्या गोष्टीत भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातले याजक आणि लेवीही जखमी माणसाला काही करत नाहीत. ते रस्त्याची दुसरी कड धरून निघून जातात.

मग आम्ही पापनिवेदनाला काय घेऊन जातो? आमच्या पिढीला लहानपणी एक साचा पढवलेला होता. खोटं बोललो, आईला उलट उत्तर दिलं, रविवारची मिस्सा चुकवली, बाजूच्या वाडीतल्या चिकूंवर हात मारला. फादर ऐकून घेत, मरियेची प्रार्थना म्हणायला सांगत आणि पुढच्याला बोलावत. चिकूवाल्याच्या घरी कुणी आजारी आहे का, हे पापनिवेदनाच्या जाळीच्या ना या बाजूनं विचारलं गेलं, ना त्या. चर्चला ही उणीव जाणवली नाही असं नाही. मिस्साच्या सुरुवातीला सगळे मिळून पापकबुलीची जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात पूर्वी विचार, शब्द आणि कृती यांनी घडलेल्या पापांचा उल्लेख असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या नव्या मिस्साग्रंथात चौथी गोष्ट जोडली गेली: जे करायला हवं होतं ते न केल्याचं पाप. मला तर परिषदेच्या कितीतरी गाजलेल्या बदलांपेक्षा ही छोटी भर मोलाची वाटते. दुर्दैवानं प्रार्थना पाठ झाली की ती कानांवरून वाहून जाते. छातीवर हात मारताना त्या चौथ्या गोष्टीशी कुणी अडखळलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं धर्मशास्त्राच्या हवेत राहू नये म्हणून एका आयुष्याकडं पाहू. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृतज्ञ. बायकोमुलींना संस्कृत शिकवलं म्हणून स्वकीयांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणं सांगत देशभर पायी हिंडे. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी एकेक माणसं गेली. आईची तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. ठेंगण्या असल्यामुळं खांदा पुरेना, म्हणून तिरडीचं टोक त्यांनी डोक्यावर घेतलं आणि तसंच मैलोगणती चालत स्मशान गाठलं. पुढं ती दोघं भावंडं उत्तरेकडं गेली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून रात्री काढल्या. पांघरूण म्हणतात ते तेवढंच.

१८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं, हा भाग सगळ्यांना माहीत आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि नंतर ते पुण्याला नेलं. १८९३ साली सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या तक्रारीवरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्या वादात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं काही होतं. आज मी त्यात शिरत नाही.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात स्थिरावल्या होत्या, संस्था चालू होती, अंगावर जबाबदाऱ्या होत्या. जायलाच हवं असं कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि न जाण्याबद्दल कुणी बोटही दाखवलं नसतं. त्या गेल्या. दुष्काळछावण्यांतून हिंडल्या आणि शेकडो मुलीबायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. कुणी फसवलेल्या, घरानं टाकलेल्या बायकांसाठी तिथं कृपा सदन निघालं. अंध बायकांना ब्रेल शिकवली गेली. छापखाना आला आणि त्यात बायकाच खिळेजुळारी झाल्या. हे काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल. डाव्या हातात जुळणीची पट्टी, समोर देवनागरीच्या असंख्य खिळ्यांनी भरलेले खण. एकेक खिळा उचलायचा, अक्षर उलटं वाचायचं, काना-मात्रा सांभाळत ओळ बसवायची आणि बोटं शिशानं काळी करून घ्यायची. छावणीतून आली तेव्हा जिला उभं राहवत नव्हतं, तिनं काही वर्षांत हे शिकून घ्यायचं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात जुळवलं गेलं. म्हणजे भुकेल्याला जेवू घालण्याचा तो पंचविसावा अध्यायही त्यांच्यापैकीच कुणीतरी खिळ्याखिळ्यानं जुळवला असणार.

१९२१ साली मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भूक, परकेपण, उघड्यावरची थंडी, खांद्याला माणूस न मिळालेलं मरण. त्या यादीतलं बरंच काही त्यांनी आधी सोसलं होतं. सोसलेली सगळीच माणसं दुसऱ्याकडं वळतात असं नाही. पुष्कळ जण कडवट होतात. त्या वळल्या.

इथं आमच्यातले प्रोटेस्टंट बंधू हात वर करतील: तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही. बरोबर आहे, आणि रमाबाईंनाच विचारलं असतं तर या कामाच्या बळावर मी तरेन असं त्यांनी कधीच म्हटलं नसतं. ल्यूथरला तर याकोबाचं पत्र, ज्यात कृतीवाचून श्रद्धा मेलेली असल्याचं सांगितलं आहे, गवताच्या काडीच्या मोलाचं वाटलं होतं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग इथं कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चांनी या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आता हे भांडण मुख्यतः प्रवचनांत उरलं आहे.

शिवाय मत्तयच्या गोष्टीतच याचं उत्तर आहे. राजाचं बोलणं ऐकून उजवीकडची माणसं चकित होतात. आपण हे कधी केलं, राजाला कधी पाहिलं, असं ती विचारतात. त्यांना आठवतच नाही! डावीकडची माणसंही नेमका हाच प्रश्न विचारतात. दोन्ही बाजूंना राजा दिसलेला नव्हता. फरक इतकाच की, एका बाजूनं समोरच्या भुकेल्याला भाकर देताना तो कोण आहे याची चौकशी केली नाही. पुण्याची वही ठेवणारा माणूस या गोष्टीत कुठल्याच बाजूला दिसत नाही, आणि आमच्या धार्मिकतेचा मोठा भाग तर वही ठेवण्यातच जातो. किती नोव्हेना झाल्या, किती यात्रा झाल्या, चर्चच्या बांधकामाला किती देणगी दिली आणि फरशीवर नाव कोरलं की नाही.

काही अभ्यासक म्हणतात की, आपल्या ज्या कनिष्ठ भावांना दिलेलं ते मलाच दिलं असं राजा म्हणतो, ते म्हणजे येशूचे शिष्य, प्रचारक. जगातले सगळे गरीब नव्हेत. मत्तय इतर ठिकाणी ज्या अर्थानं बोलतो ते पाहता या मताला आधार आहे. पण समोर सगळी राष्ट्रं उभी केली आहेत, आणि ज्यांनी दिलं त्यांना आपण कुणाला देतोय हे ठाऊकच नव्हतं. प्रचारकाला प्रचारक म्हणून ओळखूनच पाणी पाजलं असतं तर ते चकित कशाला झाले असते? म्हणून मी रुंद अर्थाच्या बाजूनं आहे.

या यादीतली सहावी गोष्ट आम्ही सोयीनं विसरतो: तुरुंग. भुकेल्याला अन्न देणं सोपं आहे, फोटोही चांगला येतो. तुरुंगातल्या माणसाच्या वाटेला जाताना चार लोक काय म्हणतील ही धाकधूक असते. झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. वय ८३, पार्किन्सन्सनं हात थरथरत होते, पेला धरवत नव्हता. तळोजाच्या तुरुंगातून पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, खटला उभा राहण्याआधीच, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल मी बोलत नाही. त्यांची शहानिशा न्यायालयात झालीच नाही. मी फक्त यादी समोर ठेवतो. तहान, आजारपण आणि तुरुंग, तिन्ही एकाच कोठडीत होतं. त्या दिवसांत आमच्या किती चर्चांत त्यांचं नाव घेऊन प्रार्थना झाली? काही ठिकाणी झाली, तिथल्या लोकांना माझा नमस्कार. पुष्कळ ठिकाणी, नको ती भानगड, असं म्हणून गप्प बसले. त्यांनी वाईट काहीच केलं नाही. आठवा, डावीकडच्यांनीही केलं नव्हतं.

मत्तयच्या यादीत सहा कामं आहेत. चर्चच्या परंपरेत शरीरसेवेची दयाकृत्यं सात मानली जातात. सातवं म्हणजे मेलेल्याला मूठमाती देणं. ते आलं आहे तोबीतच्या ग्रंथातून. निनवेत परागंदा राहणारा हा तोबीत सणाच्या दिवशी जेवायला बसतो, तेवढ्यात बाजारात आपल्या जातभाईचं प्रेत पडल्याचं कळतं. घास तोंडात न घालता तो उठतो, प्रेत आणून झाकून ठेवतो आणि सूर्य मावळल्यावर पुरतो. राजाचा कोप होईल हे माहीत असून.

हे सातवं काम आम्ही वसईकर नीट करतो, हे अभिमानानं सांगायला हरकत नाही. मयत झालं की सांगावं लागत नाही. शेजारच्या घरी चूल पेटते, पोरं खड्ड्याच्या कामाला लागतात, बायका रोझरीला बसतात. अलीकडे काही पॅरिशांत लाकडी पेटी न वापरता कापडात गुंडाळून दफन करायला सुरुवात झाली आहे. येशूचं दफनही असंच झालं होतं, आणि झाडंही वाचतात. महामारीत अनेक कुटुंबांनी दहन स्वीकारलं. कॅथलिकांना त्याची मुभा १९६३ सालापासून आहे, पण तोवर मन तयार नव्हतं. जागेच्या टंचाईमुळं बहुतेक कबरी काही वर्षांनी उघडाव्या लागतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यांत जातात आणि त्याच मातीत दुसरा माणूस येतो. जमीनदार आणि त्याचा मजूर पाळीपाळीनं एकाच खड्ड्यात निजतात. जिवंतपणी ते एका बाकावर बसले होते का, हे मात्र विचारू नका.

पण मरणानं सगळे सारखे होतात या बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित कॅथलिकांच्या कबरी वेगळ्या पाडणारी भिंत उभी राहिली आणि वर्षानुवर्षं टिकली. त्याच क्रूसाखाली, त्याच बाप्तिस्म्यानंतर. मरणाला जे जमलं असतं ते माणसानं विटा रचून थांबवलं. महाराष्ट्रात अशी भिंत नाही असं म्हणून सुटता येणार नाही. लग्नं जुळवताना आमचे सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन काय करतात ते आपण सगळे जाणतो.

आता तो राहिलेला प्रश्न: न्याय दोनदा कशाला? मरताच निकाल लागला, तर शेवटच्या दिवशी पुन्हा दरबार भरवायचं कारण काय? तेराव्या शतकात थॉमस अक्विनासनं याचं उत्तर दिलं, आणि ते मला आजही चोख वाटतं. माणूस मेला तरी त्याचं करणं संपत नाही. ते मुलांत, शिष्यांत, लोकांच्या आठवणीत, त्यानं हाती घेतलेल्या कामांत चालत राहतं. चालत राहणाऱ्या गोष्टीचा पूर्ण हिशोब ती थांबल्यावरच होऊ शकतो. म्हणून दुसरा न्याय.

हे समजून घ्यायला वसईसारखं गाव नाही. ऐंशीच्या दशकात इथल्या वाड्या, विहिरी आणि पाणथळ जागांवर इमारतींची छाया पडू लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीबरोबर उभं राहून विरोध केला. धर्मगुरूनं प्रार्थना कराव्यात, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असं त्यांना किती जणांनी सुनावलं असेल! २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं, तेव्हा त्याच लोकांनी हारतुरे नेले. २०२४च्या जुलैत ते गेले. त्याआधी, २०१८च्या जुलैत हे शहर कित्येक दिवस पाण्यात होतं, मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसं अडकली होती, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पाणथळीत भराव टाकणाऱ्यांपैकी काही जण तोवर चांगल्या विधीनिशी, प्रवचनासह पुरलेही गेले होते. त्यांच्या हिशोबाची वही पावसाळ्यागणिक उघडते. आणि भराव पडत असताना गप्प बसलेल्या आपल्यासारख्यांची? अक्विनास मान्य केला तर तीही.

इथं कुणी म्हणेल, न केलेल्याचा जाब द्यायचा म्हटलं तर मग कुणाचीच धडगत नाही. जगात भुकेले अगणित, आपण एक. आक्षेप खरा आहे, आणि कॅथलिक चर्चनं अमुक एक माणूस नरकात गेला असं आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही, हे त्या भीतीवरचं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर गोष्टीतच आहे. राजा जगातल्या सगळ्या भुकेल्यांचा हिशोब मागत नाही. लाजर श्रीमंताच्या दारात होता, जखमी माणूस याजकाच्या वाटेवर होता. जाब आहे तो दाराशी आलेल्याचा.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत ख्रिस्ती धर्माची थोरवी सांगत होता. विरोधी बाजूच्या एकानं विचारलं की, ते सगळं जुनं झालं, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते सांगा. ओझानमनं त्याच वर्षी काही मित्र जमवून झोपडपट्टीतल्या घरांना भेटी द्यायला सुरुवात केली. त्यातून संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था उभी राहिली. तिच्या शाखा आपल्या पॅरिशांतूनही आहेत. त्यांचं काम दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी, कुणाला औषधं, कुणाला तांदूळ, आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्याशी अर्धा तास गप्पा. या शेवटच्या कामालाच माणसं कमी पडतात. पैसे मिळतात, अर्धा तास कुणी देत नाही.

संस्थेच्या मंडळींना मी आज मुद्दाम बोलावलं आहे. सभागृहाच्या दारापाशी टेबलावर त्यांची वही आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही. जाताना तिच्यात आपलं नाव, मोबाइल नंबर आणि आठवड्यातला कोणता दिवस मोकळा आहे तेवढं लिहा.